देशोदेशीची पेटी : वाईच्या वाचनालयातल्या प्रकल्प नोंदी

11 जून 2024

आज साने गुरुजींचा स्मृतिदिन. वाचनालयाच्या बैठकीत पेटीला मंजुरी मिळाली. पेटी म्हणजे खरोखरची लोखंडी ट्रंक, एका सभासदांच्या वडिलांची. ते फौजेत होते. झाकणावर पांढऱ्या रंगात त्यांचं नाव आणि नंबर अजून स्पष्ट वाचता येतो. रंग द्यायचा का, असं विचारलं तेव्हा सगळेच नको म्हणाले.

बेत असा : पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी दुसऱ्या देशांतली, दुसऱ्या भाषांतली, दुसऱ्या माणसांची पुस्तकं ट्रंकेत भरायची. शहरातल्या दोन आणि आसपासच्या गावांतल्या तीन शाळांत ती आळीपाळीने फिरेल, प्रत्येक शाळेत साधारण महिनाभर. प्रत्येक पुस्तकात एक शिफारस-चिठ्ठी असेल. ती चिठ्ठी कशी लिहायची हे मला अजून नीट सुचलेलं नाही.

गुरुजींना त्रिचनापल्लीच्या तुरुंगात ठेवलं होतं, तर ते तिथे तमिळ शिकले आणि तिरुवल्लुवरांचं 'कुरल' हे प्राचीन काव्य त्यांनी मराठीत आणलं. तुरुंगातून बाहेर पडताना दुसऱ्या भाषेतलं पुस्तक घेऊन येणारा माणूस. पुढे त्यांनी आंतरभारतीचं, म्हणजे भारतातल्या भाषांनी एकमेकींशी जोडलं जाण्याचं, स्वप्न मांडलं. पेटीची पहिली नोंद याच तारखेला व्हावी असं मला मनापासून वाटत होतं.

19 जून

बालविभागाची दोन कपाटं रिकामी करून पाहिली. दिवसभर धूळ, पण हाती पुष्कळ लागलं. नवी गोष्ट लक्षात आली ती ही : परदेशी पुस्तकं आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या होतीच, फक्त ती परदेशी आहेत हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. गुरुजींचं 'मनूबाबा' मी चौथीत वाचलं. विणकर मनूबाबा आपल्याच बाजूच्या कुठल्यातरी गावातला, असं धरून चालले होते. ती जॉर्ज एलियट या इंग्रज लेखिकेची 'सायलस मार्नर' ही कादंबरी, हे मला बी.ए.ला कळलं. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न घराघरांत पोचवला. आमच्या पिढीला समुद्राचा तळ आणि चंद्र त्यांनीच दाखवला.

रूपांतराची ती रीत वाईट होती असं मी म्हणणार नाही. परकं नाव दिसलं की मूल पुस्तक मिटेल, अशी त्या काळी काळजी होती, आणि ती खोटी नव्हती. पण आजच्या मुलाला कोरियन गायकांची नावं तोंडपाठ आहेत, फुटबॉलमधले क्रोएशियाचे खेळाडू माहीत आहेत. त्याला यासुआकी हे जपानी नाव जड जाणार नाही.

ठरलं : पेटीत शक्यतो मूळ नावं राखलेले अनुवाद. 'मनूबाबा'सुद्धा ठेवायचं, पण चिठ्ठीत ते कुठून आलं ते सांगून. आणि लेखकाच्या बरोबरीने अनुवादकाचं नाव प्रत्येक चिठ्ठीवर, अगदी ठळक. ज्याच्यामुळे पुस्तक आपल्या भाषेत आलं त्याचंच नाव मुलांना माहीत नसतं.

28 जून

यादी 36 पुस्तकांवर थांबवली. 'तोत्तोचान' या जपानी पुस्तकाच्या तीन प्रती (चेतना सरदेशमुख गोसावी यांचा अनुवाद, नॅशनल बुक ट्रस्ट, किंमत परवडणारी). माधुरी पुरंदरे यांनी मराठीत आणलेली 'हॅनाची सूटकेस'. प्रेमचंदांची 'ईदगाह', टागोरांचा 'काबुलीवाला'. काही पुस्तकं मराठीत नाहीत किंवा आम्हाला मिळाली नाहीत, ती इंग्रजीच घेतली. ती मी किंवा बाई मराठीतून सांगू. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवरच्या गोष्टी मुक्त परवान्याच्या असतात. आफ्रिकी देशांतल्या चार गोष्टी तिथून उतरवून रंगीत छापल्या, मधे पिना मारल्या. झेरॉक्सवाल्याने पैसे कमी घेतले.

तीन पुस्तकं बाद केली. त्यातल्या एकात आफ्रिकेतल्या माणसांना पानोपानी 'रानटी' म्हटलं होतं. पुस्तक जुनं, चित्रं सुंदर, आणि मी लहानपणी ते आवडीने वाचलेलं. तरीही पेटीत नाही. माझ्या शिफारशीने ते एखाद्या मुलाच्या हातात गेलं, तर तो शब्दही मीच दिलेला असेल.

9 जुलै

पेटी पहिल्या शाळेत पोचली. पाऊस असल्यामुळे ट्रंकेवर ताडपत्री. मुलांनी उत्साहाने उचलून आत नेली.

29 जुलै

तीन आठवड्यांत चारच पुस्तकं बाहेर गेली, त्यातली दोन चित्रांची.

आज मी सगळ्या चिठ्ठ्या बाहेर काढून एका जागी बसून वाचल्या. 'या पुस्तकातून जपानमधील एका आगळ्यावेगळ्या शाळेची ओळख होते.' 'या कथेतून आफ्रिकेतील लोकजीवनाचे दर्शन घडते.' सगळ्या मीच लिहिलेल्या, शुद्ध आणि नीटनेटक्या. एकीनेही मला स्वतःला ते पुस्तक उघडावंसं वाटलं नसतं. ओळख करून घ्यायला कुठलं मूल गोष्ट वाचतं? मी पुस्तकाचं नव्हे, देशाचं नाव पुढे करत होते.

31 जुलै

परवाच्या नोंदीनंतर सहावीच्या बाईंशी बोलले. त्या म्हणाल्या, मला एक तास द्या. त्यांनी 'तोत्तोचान'मधला फक्त खेळांच्या दिवसाचा भाग वाचला. तोमोए शाळेत ताकाहाशी नावाचा मुलगा आहे. त्याची उंची वाढायची थांबलेली, हातपाय आखूड. मुख्याध्यापक कोबायाशी शर्यतीच अशा आखतात की सगळ्या तोच जिंकेल. आणि बक्षीस काय? पहिल्याला भला मोठा मुळा, तिसऱ्याला पालेभाजीची जुडी! मुलांना आधी भाजी घरी न्यायची लाज वाटते. मुख्याध्यापक सांगतात, आईला आज हीच करायला सांगा, ही तुमच्या कमाईची भाजी.

वर्ग हसून हसून लोटपोट झाला. मागच्या बाकावरच्या एकाने विचारलं, "बाई, मुळा पाल्यासकट देत होते का?" त्याचं घर मंडईजवळ, वडील भाजी विकतात. त्याला जपान कळायचा होता तो या प्रश्नातून.

मधल्या सुट्टीत तिन्ही प्रती गेल्या. बाईंनी जपान हा शब्द तासभरात एकदाच उच्चारला होता.

जुन्या चिठ्ठ्या बाद. नवीन नियम : चिठ्ठीत एकच वस्तू किंवा एकच प्रसंग, आणि शेवट सांगायचा नाही. देश, भाषा, लेखक, अनुवादक खाली बारीक अक्षरात.

6 ऑगस्ट

हिरोशिमा दिन. दुसऱ्या शाळेत सादाकोची गोष्ट. सादाको सासाकी दोन वर्षांची असताना बॉम्ब पडला. पुढे रक्ताचा कर्करोग झाला. कागदाचे हजार क्रौंच पक्षी केले की इच्छा पुरी होते, अशी जपानमध्ये समजूत आहे. रुग्णालयात ती कागदाचे क्रौंच करत राहिली आणि 25 ऑक्टोबर 1955 रोजी, बाराव्या वर्षी गेली. तिच्या वर्गमित्रांनी वर्गणी गोळा करायला सुरुवात केली, देशभरातली मुलं त्यात आली आणि 1958 साली हिरोशिमात स्मारक उभं राहिलं.

ही गोष्ट जगभर पोचली ती मुख्यतः एलिनॉर कोअर यांच्या 1977 च्या इंग्रजी पुस्तकातून. त्यात सादाको हजार क्रौंच पुरे करू शकत नाही, 644 वर थांबते, आणि उरलेले मैत्रिणी करतात. तिच्या घरच्यांचं सांगणं वेगळं आहे. तिने हजार पुरे केले, आणि पुढेही ती करतच राहिली. मी मुलांना दोन्ही सांगितलं. आठवीतली एक मुलगी म्हणाली, "मग पुस्तकात कमी का केले? रडू यावं म्हणून?" मी तिला उत्तर दिलं नाही. तोच प्रश्न तिच्याकडून चिठ्ठीवर लिहून घेतला.

मला या गोष्टीचं महत्त्व फार वाटतं. हजार पुरे करूनही पुन्हा कागद हातात घेणारी मुलगी आणि अपुरी राहिलेली मुलगी, या दोन निराळ्या मुली आहेत. कोण कोणाची गोष्ट सांगतंय हे पाहायची सवय मुलांना लागली, तर ती पुढच्या प्रत्येक पुस्तकाला उपयोगी पडेल.

क्रौंच करण्याचा कार्यक्रम मात्र मी पुढच्या शाळांत गोष्टीनंतर दोन दिवसांनी ठेवणार. आज घड्या घालण्याच्या नादात वर्गाचं लक्ष गोष्टीवरून उडालं.

12 सप्टेंबर

तिसरी शाळा. मलावी देशातल्या विल्यम कामक्वाम्बाची गोष्ट परवा मराठीतून सांगितली. 2001-02 च्या दुष्काळात मका गेला, घरी एकवेळचं जेवण. फी भरता येईना म्हणून शाळा सुटली. गावच्या छोट्या वाचनालयात त्याला ऊर्जेवरचं एक इंग्रजी पुस्तक सापडलं. इंग्रजी धड येत नव्हतं, तेव्हा त्याने आकृत्यांवरून समजून घेतलं. मग भंगारातला ट्रॅक्टरचा पंखा, वडिलांची मोडकी सायकल, तापवून सपाट केलेल्या पीव्हीसी पाइपची पाती, निलगिरीच्या खांबांचा मनोरा, आणि सायकलच्या डायनामोवर पेटलेला दिवा.

चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या या मुलांनी सहलीत पाहिलेल्या. पवनचक्की त्यांना नवी नव्हतीच. नवं हे की ती आपल्यासारखा मुलगा करू शकतो. सातवीतल्या एकाच्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. दुसऱ्या दिवशी तो जुना डायनामो घेऊन आला, चाक गरागरा फिरवलं, आणि दिवा लागला! वर्गात जो गलका झाला तो शेजारच्या वर्गाच्या बाई बघायला येईपर्यंत चालला.

त्याने लिहिलेली चिठ्ठी, जशीच्या तशी : 'ह्याला सगळे वेडा म्हणत होते. याने वाचनालयातून पुस्तक घेतले होते. मी पण डायनामो लावला, लागला.'

यापुढे चिठ्ठ्या मुलांनीच लिहायच्या. माझं काम खालची बारीक अक्षरं.

15 ऑक्टोबर

वाचन प्रेरणा दिन. आजची नोंद लिहिताना मन जड आहे, पण ती लिहिलीच पाहिजे.

एका शाळेत 'ईदगाह' वाचली. मी वाचत होते, चूकही माझी. वाचन संपल्यावर मी वर्गातल्या एका मुस्लिम मुलीकडे वळले आणि म्हटलं, "तुमच्याकडे ईद कशी असते, सांग बरं सगळ्यांना." ती उभी राहिली. साठ डोळे तिच्याकडे. ती काहीच बोलली नाही, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मला तेव्हाच कळलं. पाच मिनिटांपूर्वी ती हामिदच्या गोष्टीत रमलेली एक मुलगी होती, आणि मी तिला उठवून एका समाजाची प्रतिनिधी केलं. दिवाळीच्या गोष्टीनंतर मी कुठल्या मुलाला उभं करून असं विचारलं असतं?

तास संपल्यावर तिला भेटून माफी मागितली. तिने मान हलवली, इतकंच.

18 ऑक्टोबर

त्या मुलीने चिठ्ठी लिहून बाईंकडे दिली. तिच्यात ईद नाहीच. लिहिलंय : 'हामिदकडे तीन पैसे होते. सगळ्यांनी खेळणी घेतली. त्याने चिमटा घेतला कारण आजीचे हात तव्यावर भाजायचे. माझ्या आजीच्या अंगठ्यावर पण डाग आहे. मी तिला विचारले कसा झाला तर ती सांगत नाही.'

ही चिठ्ठी मी पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे, त्या मुलीला विचारून, नाव न लिहिता. खाली बारीक अक्षरात : प्रेमचंद, 1933.

गेल्या चार दिवसांत ही गोष्ट अकरा मुलांनी नेली. सणाची माहिती हवी असती तर ती पाठ्यपुस्तकात आहेच. हामिदच्या आजीची बोटं, त्या मुलीच्या आजीची बोटं, आणि मग वाचणाऱ्याच्या घरातल्या कुणाची तरी बोटं, या वाटेने गोष्ट गेली. मला शिफारस करायला याहून चांगली वाट सापडलेली नाही.

17 नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी, आणि 20 तारखेला विधानसभेचं मतदान. शाळांत केंद्रं असल्यामुळे पेटी वाचनालयातच आहे.

सुट्टीत येल्ला लेपमान यांच्याविषयी वाचलं. स्टुटगार्टच्या ज्यू पत्रकार, हिटलरच्या काळात देश सोडून लंडनला गेलेल्या. 1945 साली त्या उद्ध्वस्त जर्मनीत परत आल्या आणि वीस देशांना पत्रं लिहिली : आमच्या मुलांसाठी तुमच्याकडची मुलांची पुस्तकं पाठवा, पैसे नाहीत. बेल्जियमने आधी नकार कळवला. जर्मनांनी दोनदा आक्रमण केलं होतं, त्यांना पुस्तकं कशी द्यायची? लेपमानबाईंनी पुन्हा लिहिलं, आणि पुस्तकं आली. 1946 च्या जुलैमध्ये म्युनिकमध्ये प्रदर्शन भरलं, 1949 साली त्यातूनच तिथे मुलांचं आंतरराष्ट्रीय ग्रंथालय उभं राहिलं.

ज्या देशाशी कालपर्यंत युद्ध होतं तिथली गोष्ट मुलाच्या हातात द्यायची. एवढी हिंमत आपल्याला कुणी मागितलेली नाही. आपल्याला मागायची आहेत ती फक्त पत्रं. आज सात प्रकाशकांना आणि तीन अनुवादकांना लिहिली.

6 डिसेंबर

महापरिनिर्वाण दिन. चौथ्या शाळेत 'भीमायन' उघडलं. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी चितारलेली बाबासाहेबांची चरित्रकथा, आमच्याकडची प्रत इंग्रजी. चौकटी नाहीत, पानभर वळणावळणाची डिगणा, म्हणजे गोंडांची पारंपरिक नक्षी. आगगाडीला सापासारखं शरीर, किल्ल्याला सिंहाचं. मुलं चित्रांवरच खिळली.

मग 1901 चा प्रवास सांगितला. सातारहून निघालेली मुलं, भीमराव दहाएक वर्षांचा, बरोबर भाऊ आणि भाचे, नवे कपडे घालून वडिलांना भेटायला निघालेली. मसूर स्टेशनवर उतरतात. जात कळल्यावर एकही गाडीवान बसवून घेईना. दुप्पट भाडं दिलं, तेव्हा गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचं असं ठरलं. रात्रभर प्यायला पाणी मिळालं नाही.

"मसूर म्हणजे आपलं मसूर?" एकाने विचारलं. हो, आपलंच, कराडच्या अलीकडचं. वर्ग गप्प झाला. मग एक मुलगी म्हणाली, "पण हे तर आपल्या जिल्ह्यातलं आहे. देशोदेशीच्या पेटीत कसं?"

मी तिला म्हटलं, तूच ठरव आणि चिठ्ठीत लिही. तिने अजून चिठ्ठी दिलेली नाही. मी मागणारही नाही.

14 जानेवारी 2025

संक्रांत. तिळगूळ वाटून पेटी पाचव्या शाळेत नेली. इथली बरीच मुलं मेणवलीची. वसईचा विषय निघाला तेव्हा एकजण म्हणाला, "आमच्या घाटावर तिथली घंटा आहे की." खरंच आहे. चिमाजी अप्पांच्या 1739 च्या मोहिमेनंतर वसईच्या चर्चमधून आणलेली, मेरीमातेची प्रतिमा असलेली घंटा कृष्णाकाठच्या देवळाशी टांगलेली आहे. आम्ही पोर्तुगालची गोष्ट पेटीत ठेवली नव्हती. पुढच्या यादीत ठेवायची.

29 जानेवारी

'हॅनाची सूटकेस'. 2000 साली फुमिको इशिओका यांच्या तोक्योतल्या होलोकॉस्ट शिक्षण-केंद्राकडे आउश्वित्झ या नाझी छळछावणीच्या संग्रहालयातून एक रिकामी बॅग येते. तिच्यावर पांढऱ्या रंगात लिहिलेलं : हॅना ब्रॅडी, 16 मे 1931, अनाथ. तिथली मुलं विचारतात, ही कोण होती? आणि फुमिको शोधायला निघतात. चेक देशातून टोरांटोपर्यंत.

वाचन इथपर्यंत आलं तेव्हा आठवीतला एक मुलगा उठून ट्रंकेपाशी गेला आणि झाकणावरच्या पांढऱ्या अक्षरांवर बोट ठेवून उभा राहिला. "बाई, हे कोण होते?"

सहा महिने मी ही ट्रंक घेऊन फिरते आहे. मला नाव आणि नंबर एवढंच माहीत होतं. ट्रंक देणाऱ्या सभासदांना फोन केला. ते पुढच्या आठवड्यात शाळेत येऊन वडिलांविषयी सांगणार आहेत.

एका पालकांनी विचारलं, एवढं दुःखाचं कशाला वाचून दाखवता? प्रश्न रास्त आहे. पाचवीला मी हे पुस्तक देत नाही. आठवीला देते, आणि एकट्याने वाचायला देत नाही, वर्गात मिळून वाचतो. त्यांना तसं सांगितलं. ते स्वतः पुस्तक घरी घेऊन गेले.

8 फेब्रुवारी

हिशेब. 36 पैकी 33 पुस्तकं जागेवर. दोन हरवली, 'काबुलीवाला'ची पानं सुटली, बांधणीला दिला. सगळ्यात जास्त गेलेली : 'तोत्तोचान', 'ईदगाह', मग कामक्वाम्बाचं, तेही इंग्रजी असून. नोव्हेंबरच्या पत्रांना तीन उत्तरं आली, नऊ पुस्तकं भेट मिळाली.

पुढच्या फेरीसाठी हवं : ईशान्येकडच्या राज्यांतलं काहीतरी, आपल्या पेटीत त्याचं एकही पान नाही. कन्नड आणि तेलुगूतून थेट मराठीत आलेलं. भटक्या-विमुक्तांच्या मुलांनी मोठं होऊन स्वतः लिहिलेलं. आणि नेपाळी. पाचव्या शाळेत सहावीत एक नेपाळी मुलगा आहे. वडील पाचगणीला एका हॉटेलात रखवालदार होते, आता इथे आलेत. त्याने चिठ्ठी टाकली होती : 'आमच्या भाषेतले पण आणा.'

21 फेब्रुवारी

आज मातृभाषा दिन. स्टोरीवीव्हरवरून तीन नेपाळी गोष्टी छापून नेल्या. मी बाईंना आधीच सांगून ठेवलं होतं, त्या मुलाला उभं करायचं नाही, काही विचारायचं नाही. पुस्तकं पेटीत ठेवली आणि मुलांनी उघडली.

लिपी देवनागरी! वाचता येतंय आणि कळत नाही, याची गंमत वर्गाला पहिल्यांदाच कळली. एकीने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. 'घर' कळलं, 'हात' कळला, 'नदी' कळली, 'भात' आल्यावर जोराचा ओरडा झाला. 'आमा' शब्दावर सगळे अडले. आंबा? मामा? पाचव्या बाकावरून तो मुलगा न राहवून म्हणाला, "आई. आमा म्हणजे आई."

मग ते पुस्तक हातोहात त्याच्या बाकापर्यंत गेलं. तो वाचत होता, बाकीचे त्याच्यामागून म्हणत होते, आणि उच्चार चुकला की तो थांबवून पुन्हा म्हणायला लावत होता.

घंटा झाली तेव्हा दोन पानं उरली होती. ती सोमवारी.